सर्व्हेयर येण्याआधी

शामकांत प्रधानांचा उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला. सर्व्हेयर जहाजावर चढतो तो खोट शोधायलाच, आणि खोट सापडली की जहाज बंदरात अडकवून ठेवतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणून तो यायच्या आधी गळती पुसायची, गंजावर रंग मारायचा आणि चेहरा असा ठेवायचा की जणू जहाज कालच कारखान्यातून बाहेर पडलंय. निवृत्त झाल्यावर जहाज सुटलं, ही खोड काही सुटली नाही.

आता ते परदेशात, पासिर रिस भागातल्या फ्लॅटमध्ये होते आणि बायको जयवंतीबाईंची डावी बाजू अर्धांगाच्या झटक्यानं लुळी पडली होती. अंघोळ, कपडे, पलंगावरून उठवणं, सगळं शामकांतच करायचे. त्यात त्यांचा उजवा खांदा पार कामातून गेलेला. पण हे सांगतील तर ते शामकांत कसले? शेवटी मुलगी किमयानं घरी येऊन मदत करणाऱ्या बाईसाठी अर्ज केला. बराचसा खर्च सरकार उचलणार होतं, फक्त नंबर लागायला हवा होता.

"सरकारला काय पडलंय तुझ्या आईचं?" शामकांत म्हणाले.

"बाबा, सबसिडी आहे ती. त्यात कसला आलाय डाव?"

डाव असणारच. आज नुसतं बघून जातील, उद्या म्हणतील, बाईंना नर्सिंग होममध्ये हलवा. किमयाच्या मनातही तेच नसेल कशावरून? हल्ली ती आली की फोन घ्यायला कॉरिडॉरमध्ये जायची. घरात बोलायला काय झालं होतं?

गरज किती आहे ते तपासायला नर्स येणार, असं कळल्यावर त्यांनी मुद्दाम किमया तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात अडकलेली असेल असाच दिवस मागून घेतला. मग तयारीला लागले. कमोडची खुर्ची कपाटामागे गेली. जयवंतीबाईंना इस्त्रीची साडी नेसवली. सोफ्यापासून टेबलापर्यंत चालायची तालीम तर आठवडाभर चालली होती.

"विचारलं तर सगळं माझं मीच करते म्हणायचं."

"अहो, पण मदत हवीय ना आपल्याला?"

"तुला इथून नेलं तर मदत घेऊन काय करू मी?"



नर्स नूरैनी हसतमुख निघाली, त्यामुळे शामकांत आणखीच सावध झाले. तिनं बाथरूममध्ये डोकावून पाहिलं, पलंगाची उंची पाहिली. जयवंतीबाई ओठ घट्ट मिटून टेबलापर्यंत चालल्या, खुर्चीत बसल्या आणि उजव्या हातानं चकल्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. शामकांतना मनातून बायकोचा अभिमान वाटला.

"आंटी छान सावरल्यात," नूरैनी तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली. "सध्या मदतीची गरज नाही. ज्यांना उठताही येत नाही अशी बरीच माणसं थांबलीत, त्यांना आधी देऊ, ओके ला?"

"आणि नर्सिंग होम?" शामकांतनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"ते कशाला, अंकल? घरीच राहता यावं म्हणून तर ही मदत असते."

ती बाहेर पडली. शामकांत दारातच उभे राहिले.

"अहो, खुर्ची," आतून जयवंतीबाई म्हणाल्या. "थांबवत नाही आता."

ते धावले. कपाटामागून खुर्ची ओढायला गेले आणि खांद्यातून अशी कळ आली की हात जागीच लुळा पडला. इस्त्रीची साडी नेसून बायको वाट बघत होती आणि खुर्ची हलत नव्हती. आपल्या हुशारीची त्यांना भयंकर लाज वाटली. ते तसेच अनवाणी लिफ्टपाशी गेले आणि नूरैनीला परत घेऊन आले.

"तिला अंघोळ करता येत नाही," ते म्हणाले. जयवंतीबाईंकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "कपडे घालता येत नाहीत. एकटीला पलंगावरून उठता येत नाही. मी तुम्हाला नाटक दाखवलं."

नूरैनीनं खुर्ची ओढून काढली आणि जयवंतीबाईंना अलगद उठवलं.

"यांचा खांदापण लिहून घ्या," तिच्या आधारानं उभ्या राहत जयवंतीबाई तुटक इंग्रजीत म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मला उचलताना रोज तोंड फिरवता. मला कळत नाही होय?"