काकीच्या डब्या

काकीला वाईट बातमी पोटात ठेवता यायची नाही. प्रयोग फसला की मायक्रोस्कोपच्या खोलीतून लॅबमध्ये शिरल्या शिरल्या, चप्पल काढायच्याही आधी, ती सगळ्यांना ऐकवायची, "आज पन जमला न्हाय गो!" आम्ही बाकीचे फसलेल्या प्रयोगावरून वहीचं पान पटकन उलटायचो. ही मात्र त्याचा फोटो काढून आपल्या टेबलासमोर चिकटवायची. आणि गंमत म्हणजे सर तिला काही बोलायचे नाहीत. माझी एक चूक सापडली तर आठवडाभर टोमणे! तेव्हापासूनच ती माझ्या डोळ्यात खुपायला लागली.

वय माझ्याएवढंच, पंचवीस. पण बांगडीला दोन सेफ्टी पिना, पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या आणि डब्यात चौघांना पुरेल इतकं सुकटीचं कालवण, म्हणून अख्खी लॅब तिला काकी म्हणायची. ती पूर्णा गावच्या आगरी घरातली. शेताच्या जागी गोडाऊनं उभी राहिलेली, घरात कशाला कमी नव्हतं. मी नारपोलीची. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट, म्हणून कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास केलेली आणि बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आलेली. काकी तेव्हा दुसरी होती. हे मी अजून सांगते, यावरून काय ते समजा.

ठाण्यापलीकडच्या त्या लॅबमध्ये आम्ही दोघी एकदमच लागलो. रोज सकाळी ती वाट वाकडी करून मला न्यायला नारपोलीला यायची. मी तिच्या स्कूटीवर, तिच्या मागे बसून, तिच्यावरच जळत जायचे.

मानकोली नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलो की तिचं भाषण सुरू. "रोग एका कोपऱ्यात आनि औषध अख्ख्या गावाला, ह्ये काय बरा न्हाय." तिच्या आईने कॅन्सरच्या औषधापायी तोंड येण्यापासून केस जाण्यापर्यंत सगळं सोसलं होतं. डीएनएच्या धाग्यांचे नेमके तुकडे घेतले, खारट पाण्यात गरम करून हळूहळू गार केले, की ते आपोआप घडी पडून एक डबी तयार होते. डोळ्याला न दिसणारी, इतकी बारीक. तिच्यात औषध भरायचं आणि रोगी पेशीपाशी गेल्यावरच झाकण उघडायचं, हे काकीचं स्वप्न. तेच माझंही काम होतं. पण मी सांगितलं की तो अभ्यासक्रम वाटायचा. ती सांगायची तेव्हा बाजूचा ट्रक ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून डोकं काढून ऐकायचा. एकदा एकाने विचारलं, "दीदी, ये दवा कब आयेगी?" काकी म्हणाली, "भाईसाब, पहिले डबी तो बनने दो!"

त्या वर्षी सरांनी जाहीर केलं, परदेशातल्या लॅबमध्ये दोन वर्षांसाठी एकच जागा आहे. मार्चपर्यंत आम्हा दोघींपैकी जिची डबी न चुकता तयार होईल ती जाईल. मला ती जागा हवी होती. देवाशप्पथ, इतकं मला काहीच कधी हवं नव्हतं.

ते खारट पाणी, म्हणजे बफर, आम्ही दोघी पाळीपाळीने बनवायचो. फेब्रुवारीत माझी पाळी होती. मी मोठी बाटली भरली, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली आणि संध्याकाळी लक्षात आलं की त्यात मॅग्नेशियम घालायचंच राहिलंय. त्याच्याशिवाय डबी होतच नाही, धागे सुटेच राहतात. मी माझ्यापुरती छोटी बाटली नव्याने बनवली. मोठी तशीच काकीच्या टेबलावर राहू दिली.

तीन आठवडे काकीची एकही डबी झाली नाही. तिने धागे बदलले, तापमान बदललं, शनिवारचा उपास धरला. बाटलीवर शंका घेतली नाही, कारण अक्षर माझं होतं. सकाळी स्कूटीवर विचारायची, "माजा काय चुकतंय गो?" आणि मी मागून म्हणायचे, "अजून सावकाश गार करून बघ." अशी मी!

जागा मला मिळाली. सगळ्यात आधी टाळ्या काकीने वाजवल्या.

चार दिवसांनी संध्याकाळी घरी परतताना मानकोलीला गाडी अडकली. काकी मान न वळवता म्हणाली, "मी सोडतंय. भावानं गोडाऊनच्या हापिसात खुर्ची ठेवलीय. माज्या हाताला ह्यो गुन न्हाय." माझ्या मनासारखं झालं होतं. आता शर्यतीत कोणीच उरणार नव्हतं. पण तिचा तो पडलेला आवाज मला सहन होईना, आणि तोंडातून निघून गेलं, "काकी, त्या बाटलीत मॅग्नेशियम नव्हतं. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

तिने स्कूटी बाजूला घेतली. मी उतरून थपडेची वाट बघत उभी. काकी एकदम म्हणाली, "मंग रगतात बी मॅग्नेशियम कमीच असतं ना? आपन बाटलीत डबी बनवून नाचतंय, पन आंगात गेली की ती उसवनारच! पेन हाय का?"

मी पेन दिलं. तिने पेट्रोलच्या पावतीमागे घाईघाईने काहीतरी लिहिलं, टोपण नीट लावून पेन परत केलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. "उतरलीस ती बरी झाली. रिक्षा मिलंल तुना." एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. सरांनाही तिने बाटलीचं सांगितलं नाही, जागा माझीच राहिली. रक्तातही टिकेल अशी डबी तिने पुढे बनवली, ते मी परदेशातल्या वाचनालयात बसून वाचलं. माझ्या नावावर तिथे दोन वर्षांत सांगण्यासारखं काही झालं नाही.

त्या संध्याकाळी मला वाटलं ती घरी जाईल, रडेल, आईला सांगेल. काकीने कंटेनरच्या मधून स्कूटी वळवली आणि ती परत ठाण्याकडे, लॅबच्या रस्त्याला लागली. मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगते, त्याच्या आधी हेवा वाटला.