आईच्या पातळांसाठी मशीन

आम्ही कॅराव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "फिरू की सगळीकडे. पण परक्यांचे कपडे फिरलेल्या मशीनमध्ये माझं पातळ घालायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते." आई पुण्यात, आम्ही मेलबर्नजवळ पॉइंट कुकला आणि कोविडमुळे विमानं बंद. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, तशातली गत. तरी मी नवऱ्याच्या मागे लागले की कॅराव्हानमध्ये आपलं स्वतःचं मशीन हवंच.

खरं सांगते, ती येईल यावर माझा तेव्हाही फारसा विश्वास नव्हता. सीमा कधी उघडणार ते कुणालाच माहीत नव्हतं आणि आईची फुप्फुसं आधीपासूनच अधू. पण रोज फोनवर "जेवलीस का, मास्क लावलास का" यापलीकडे बोलायला काहीतरी हवं होतं. मशीनचा विषय आम्हा दोघींना बरेच महिने पुरला.

नवरा इंजिनिअर, त्यामुळे साधी गोष्ट साधी राहणं शक्यच नाही. वरून उघडणारं मशीन हलकं, पण ते कपडे सुकवत नाही. वेगळा ड्रायर घ्यावा तर कपड्यांचं कपाट जातं. आई म्हणे, "दोरी बांध की बाहेर." मेलबर्नला एकाच दिवसात चार ऋतू होतात, हे तिला पटेना. शेवटी धुणारं आणि सुकवणारं एकच छोटं मशीन ठरलं.

"बॅटरीवर ड्रायर चालणार नाही हं," नवरा म्हणाला. "कॅराव्हान पार्कात वीज असलेल्या साइटवरच राहावं लागेल."

"आधी कुठल्या तरी साइटवर जाऊ तर दे," मी म्हटलं. लॉकडाऊन होता. आमची कॅराव्हान ड्राइव्हवेवरून हललीसुद्धा नव्हती.

बसवायला माणूस येईना, म्हणून नवऱ्यानेच व्हिडिओ बघून बसवलं. टॉयलेटशेजारचं कपाट कापलं, खाली जाड फळी टाकली, मशीन पट्ट्यांनी आवळलं. घाण पाण्याची नळी लिंबाच्या झाडापाशी सोडली, गराजमधून वायर ओढली. आई व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होती. तिने माझ्याकडून मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढून घेतलं, दारात नारळ फोडायला लावला.

"आता एकदा चालवून बघू," नवरा म्हणाला. "गळतंय का ते तरी कळेल."

"नाही. पहिलं धुणं आईचंच."

"अगं, वस्तू वापरात असावी," आई म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं. मी मशीनवर जुनी चादर घातली. नवरा अधूनमधून विचारायचा, मी अधूनमधून भांडायचे. लॉकडाऊन उठले, पुन्हा लागले. फिरायला जाऊ म्हणालो, तेही राहिलं.

मग पुण्यातून वाईट बातम्या यायला लागल्या आणि त्यांतली एक आमचीच निघाली. आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. मला इथून निघायला परवानगी हवी, परत यायची तर आशाच सोडायची आणि त्यातच तिकडची विमानंही थांबवली. मी नुसती फोन हातात घेऊन बसायचे. देवाला काही मागावं असंही वाटेनासं झालं.

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी भांडी लावत होते. तो एवढंच म्हणाला, "ताई, काकू गेली."

अशी बातमी ऐकली की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, हे मला आईनेच शिकवलेलं. न्हाणं झालं. दुसरे कपडे घातले. ओले कपडे बादलीत घेऊन मी घरातल्या मशीनपाशी गेले. त्यात लेकीचे युनिफॉर्म होते. मग मी बादली घेऊन ड्राइव्हवेवर आले. नवऱ्याने वायर जोडली. मी चादर काढली. कुंकू थोडं पुसट झालं होतं.

मशीन सुरू झालं. नवरा ओणवा होऊन नळीचे जोड चाचपत राहिला. "कुठे गळत नाहीये," तो म्हणाला आणि तसाच खाली बसून रडायला लागला.

मी काचेतून माझा ड्रेस फिरताना बघत उभी होते. पहिलं धुणं आईचंच, असं मी म्हणाले होते. ते तिचंच झालं.