चिमणाबाईच्या हातावरचा तरवा

आजऱ्याच्या काजू कारखान्यात चिमणाबाईनं एकतीस वर्षं बिया फोडल्या. टरफलातलं तेल कातडी खातं, म्हणून सुट्टी झाली की राखेनं हात घासायचे, बोटं निवळेस्तोवर. घासल्याबिगर ती कधी ताटावर बसली नाही.

चैत्रात बिया शिजवायच्या टाकीचं झाकण सरकलं आणि वाफेनं डावा हात कोपरापर्यंत भाजला. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर इरावतीनं पट्टी बांधली. म्हणाली, "दोन आठवडे बघू. नाहीच भरलं तर मांडीची कातडी काढून इथं लावायची."

चिमणाबाईचा जीव त्या मांडीत अडकला. धड जागी आणि कशाला सुरी लावायची?

घरी सून निशिगंधा पट्टी बदलायची. आठव्या दिवशी लाल जखमेत पांढुरके ठिपके दिसले, तांदळाच्या कणीएवढे. चिमणाबाईला वाटलं, पू धरला. तिनं ओलं फडकं घेतलं आणि दात आवळून ते घासून काढले. दुसऱ्या दिवशी परत आले. परत घासले.

चौदाव्या दिवशी डॉक्टरनं हात उजेडात धरला. "मावशी, हे पुसतंय कोण?"

"मीच की. घाण हाय ती."

"घाण नव्हे, नवी कातडी आहे. वरची जळली, पण केसांची मुळं खोल असतात, ती वाचलीत. त्यांच्यातल्या पेशी वर येतात आणि एकेका मुळाभोवती कातडीचं बेट धरतात. बेटं पसरत एकमेकांना मिळाली, की जखम झाकली."

चिमणाबाई हाताकडं बघतच राहिली. "म्हंजे भाताचा तरवा उगवून आलाय, आन मी बसलोय तण म्हणून भांगलत."

"सात दिवस देते. नुसतं पाणी ओतायचं. बोट लावायचं नाही."

"आत्ती, उजवा हात बांधून ठिवू काय?" निशिगंधानं विचारलं.

"बांध बाई. एकतीस वर्साची खोड हाय त्याला."

मग ती सोप्यात उशीवर हात ठेवून बसून राहिली. दुपारी डोळा लागायचा आणि ती आपल्याच हातावर उतरायची. चंदगडचं माहेर, घोटाभर पाणी, धुकं. खालनं कुणीतरी हळू रेटा द्यायचं आणि पाण्यातनं एकेक कोंब डोकं काढायचा. लुगडं वर धरून ती बांधाबांधानं चालायची. कशावर पाय पडू नये, एवढंच. जाग आली तरी पावलं गार वाटायची.

सातव्या दिवशी पट्टी सुटली. बेटं एकमेकांना भिडली होती, गुलाबी, पातळ, दुधावरच्या सायीसारखी. मधे रुपयाएवढी जागा तेवढी उघडी होती.

"ती पण भरेल," इरावती म्हणाली. "मांडीची कातडी मांडीवरच राहू दे. उन्हाला जपा फक्त."

परतीच्या एसटीत खिडकीतनं ऊन आलं, तसा चिमणाबाईनं हातावर पदर ओढला. आजरा येईपर्यंत तो सरकू दिला नाही.

घरी निशिगंधानं ताट वाढलं. चिमणाबाईची नजर सवयीनं राखेच्या डब्याकडं गेली. मग उजवा हात नुसता पाण्याखाली धरून ती जेवायला बसली.