शालिग्रामचं एकच कडवं

सोनाळ्याच्या मळ्यात शालिग्राम मोट हाकायचा तो मंगलाष्टकं म्हणतच. बैल उतरणीला लागले की ओळ सुरू करायची आणि मोट वर आली की संपवायची, असा त्याचा बेत. पण त्याची ओळ कसली संपते! पाणी पाटातून मिरच्यांपर्यंत पोचायचं, बैल मान वळवून बघायचे, तरी याचं आपलं "वधूऽऽ वरांऽऽऽ" चालूच. बैल शेवटी उभ्याउभ्या डोळे मिटायचे.

एके काळी आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी यायची. नवरदेवाच्या आज्यापासून पंगतीतल्या वाढप्यापर्यंत सगळ्यांना तो कडव्यात बसवायचा. मग मोतीरामच्या पोराचं लग्न लागलं. जोशीबुवांनी घंगाळातल्या पाण्यावर घटिका सोडली होती. घटिका म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की मुहूर्त. वाटी बुडुक करून तळाला गेली, जोशीबुवा नाकातून "अहो, अहो शालिग्राम!" करत राहिले, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, आणि शालिग्राम नवरदेवाच्या मावशीचे गुण गात होता.

त्याच साली मानमोडीच्या तापाची साथ आली. मोतीरामचा पोरगा गेला. तशी घरोघरची माणसं गेली, शालिग्रामची बायको मंजुळाही गेली. पण मोतीरामच्या पोराचा विषय निघाला की साथीचं नाव कोणी घेत नसे. "शालिग्रामच्या अष्टकानं मुहूर्त खाल्ला," म्हणत. बायका हे बोलताना आवाज खाली आणायच्या, आणि खाली आणलेला आवाजच त्याला नेमका ऐकू यायचा.

त्याला स्वतःलाही तसंच वाटायचं. मोतीरामची विधवा सून पाणवठ्यावर दिसली की तो बैल दुसऱ्या वाटेनं घ्यायचा.

आता त्याची लेक कोकिळा उजवायची होती. स्थळ धामणगाव बढ्याचं. व्याही हिंमतराव मोठे घसाखाकरे, दर दोन शब्दांमागे खाकरणार.

"इवाई, अहं, पोरगी पसंत हाय आम्हाले. पन तुमची, अहं, ते कविता..."

"एवढं म्हनू द्या मले," शालिग्रामनं हात जोडले. "तिची माय मांडवात नाही. तिचं नाव तरी मांडवात आलं पायजे."

हिंमतराव बराच वेळ खाकरत राहिले. "एक कडवं. दुसरं तोंडातून निघालं त, अहं, पोराचा हात धरून वापस जाईन. मले एकच पोरगा हाय, इवाई."

शालिग्रामकडे अठरा कडवी तयार होती. सगळी मंजुळेची. मोटेमागं चालता चालता, वर्षावर्षानं जुळवलेली.

थोरली बहीण रुखमाबाई मिरच्या तोडायला आली होती. तो तिला एकेक म्हणून दाखवू लागला. तिची बोटं थांबत नव्हती आणि तोंडही.

"हे कायचं?"

"हे विहीर खनली तवाचं. मंजुळा पोटुशी होती, तरी डोक्यावर टोपलं घेऊन..."

"ते तुले ठाव, मले ठाव. वऱ्हाडी लोकायले काय करायचं? उपट."

"बाई, हे त चांगलं साधलं हाय."

"चांगलं हाय म्हनूनच लांबलं हाय. उपट."

त्यानं चलाखी केली. चार कडव्यांचा ऐवज एकात कोंबून आणला. रुखमाबाईनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "हे कडवं हाय का बाजाराची थैली? खालची वांगी चेंदून गेली नं रे!"

हसणं थांबल्यावर तिनं वाफ्याकडे बोट केलं. "रोपं विरळताना तुहा हात थरथरत नाही. दाट ठेवलं त एकालेही मिरची लागत नाही, हे तूच सांगतं. मंग इथं काऊन रडून राह्यला?"

"रोपायनं माहं लेकरू नाही वाढवलं," शालिग्राम म्हणाला.

विहिरीचं कडवं गेलं. जात्याचं गेलं. तापात तिनं कोकिळेचा हात शोधला ते तर त्यानं स्वतःच गाळलं. ते म्हणताना गळा धरायचा आणि गळा धरला की वेळ जायचा. प्रत्येक कडव्यागणिक त्याला वाटे, आपण मंजुळेला पुन्हा पोचवून येतोय. आणि ठेवावं म्हटलं की मोतीरामची सून डोळ्यांपुढे उभी राही, तिच्या जागी कोकिळा.

शेवटी एक उरलं. तीन ओळी मंजुळेच्या, चौथी लेकीला निरोपाची. रुखमाबाईनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा मिरची तोडायची थांबली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वरात मारुतीच्या पारावर अडकली. धामणगावची पोरं डफड्यापुढून हलायला तयार नव्हती. गुरं घरी आली, त्यांच्या धुळीत नवरदेव आला, तोवर वाटी काठोकाठ आली होती. जोशीबुवांनी आपलं अष्टक पळवत नेलं आणि नाकातून ओरडले, "शालिग्राम, आता नाही हो! पाणी चढलं! सोडा!"

"कडवं ठरलं होतं, बुवा!"

"चार ओळी मावत नाहीत! एक फार तर. नाहीतर मी सावधान म्हणतो."

हिंमतरावांचं खाकरणं बंद पडलं होतं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. अंतरपाटाच्या अलीकडे कोकिळा मुंडावळ्या बांधून उभी होती. मंजुळेचं नाव पहिल्या ओळीत होतं. शालिग्रामनं तोंड उघडलं, 'मं' ओठांवर आला, मिटलेल्या ओठांतच राहिला. वाटी एका अंगाला कलली.

"जा लेकी, अपुल्या घरी सुखि रहा, कुर्यात् सदा मंगलम्!"

बुडुक. "सावधान!" अक्षता पडल्या, वाजंत्री उठली. त्या गलक्यात शालिग्राम मांडवाचा खांब धरून उभा होता. ज्या एका नावासाठी सगळं केलं, तेच गळलं होतं.

सकाळी पाठवणीच्या दमनीला बैल जुंपले, तेव्हा हिंमतराव मोकळ्या घशानं आले. "इवाई, लगन मुहूर्तावर लागलं. आता कायची घाई? म्हना तुमचं सगळं. आम्ही आयकतो."

माणसं भोवती जमली. अठराच्या अठरा कडवी गळ्यात येऊन उभी राहिली. विहीर, जातं, तो तापातला हात. कोकिळा दमनीच्या दांडीला धरून बापाकडे पाहत होती. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. कडवी सगळी मायची होती, आणि निघाली होती ती लेक.

शालिग्रामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा लेकी, अपुल्या घरी सुखि रहा."

लोक पुढच्या ओळीची वाट पाहत राहिले. बैलसुद्धा.

"झालं?" रुखमाबाईनं हळूच विचारलं.

"हाव," तो म्हणाला, आणि गाडीवानाला हाकायची खूण केली.