विहिरीभोवतीची सोसायटी

कोपरच्या बाजूची आमची सोसायटी यांनी आखली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. हे आर्किटेक्ट, नोकरी ठाण्यात. प्लॉट घेणारी मंडळी बँकेतली, शाळेतली, बहुतेक कोकणातून आलेली. प्लॉटवर जुनी विहीर होती. बुजवून टाका, तेवढीच जागा मिळेल, असं सगळ्यांचं म्हणणं.

यांनी कागदाला हातच लावला नाही. रविवारी सगळ्या घरांना प्लॉटवर बोलावलं आणि हातात जमिनीवर आखायची पांढरी फक्की दिली.

"स्वयंपाकघर कुठे हवं, धुणं कुठे, तुम्हीच आखा. आणि नातवंडं पाणी कुठलं पिणार, तेही ठरवा."

बायका आधी लाजल्या, मग वाद घालायला लागल्या. असे बरेच रविवार गेले. शेवटी विहीर मध्ये ठेवून भोवती घरं, गच्चीचं पाणी वाळूतून गाळून विहिरीत आणि मोरीचं केळींना, असं त्यांनीच ठरवलं. हे नुसते बघत होते. माणसांनी स्वतः ठरवलं की ती ते टिकवतात, असं त्यांचं ठाम मत.

नळ गेला की शेजारच्या गल्लीतूनही बायका कळशा घेऊन यायच्या. विहीर कामी येतेय हे बघायला हे मुद्दाम गॅलरीत उभे राहायचे.

मग नळाला रोज पाणी यायला लागलं. वाळू धुवायची पाळी कोणी घेईना, विहिरीत डास झाले. नव्वदच्या दशकात गाड्या आल्या आणि सभेत ठराव आला, विहीर बुजवून पार्किंग. जिने पहिल्यांदा फक्की टाकली होती त्या शेजारणीनेही हात वर केला. आमच्या मुलानेही.

"बाबा, तेव्हा गरज होती. आता कोणाला हवीय?"

सभा संपल्यावर सेक्रेटरी आले. "पार्किंगचा नकाशा तुम्हीच काढून द्या. बाहेरचा माणूस कशाला?"

मी नको म्हटलं. तरी यांनी काढला. सगळ्यांना विचारून, कोणाची गाडी कुठे, वळायला जागा किती. तेव्हाच्या इतक्याच शांतपणे.

डंपरने माती ओतली त्या दिवशी मुलगा यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. "राग आलाय का?"

"नाही रे. त्यांनी ठरवलं ना."

मग आत आले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती.

पुढे कोणी नकाशाचं काम घेऊन आलं, की हे मला पुढे करून म्हणायचे, सांग, घरी नाहीत.