एकेचाळीस पाकिटे

ओझेला ब्रॉडनॅक्सला गप्प बसता येत नसे.

मेम्फिसच्या दक्षिण भागातल्या एका शाळेचे स्वयंपाकघर ती सांभाळायची आणि रविवारी आमच्या बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायची. आमच्याकडे प्रवचन चालू असताना लोक गप्प बसत नाहीतच. पाद्रीबुवांनी एक वाक्य टाकले की समोरून "खरंय!", "सांगा, सांगा!" आलेच पाहिजे, नाही आले तर आपण आजारी दिसतो की काय अशी शंका पाद्रीबुवांना येते. पण ओझेला सूचनांनाही दाद द्यायची. आणि सूचना मी वाचायचो.

"छपराची गळती गुरुवारी दुरुस्त होईल," असे मी कागदावरून मान वर न करता वाचले की गायकवृंदातून आवाज यायचा, "होऊ दे रे देवा!" "दारासमोरची हिरवी मोटार मालकाने हलवावी." "सावकाश सांगा, ब्रदर टार्प्ली, घाई नाही!" सगळे चर्च हसायचे. अकरा वर्षांत माझ्या वाचनाला दाद देणारी ती एकटीच. बाकीचे लोक त्या वेळात हातमोजे शोधायचे. मी सदतीस वर्षांचा होतो, वाणिज्य शाखेचा पदवीधर होतो, आणि सूचना वाचताना प्रेमात पडलेला मेम्फिसमधला बहुधा एकमेव माणूस होतो.

तेव्हा मी गॅडिससाहेबांच्या रेकॉर्ड कंपनीत कार्यालय सांभाळत असे. कंपनी म्हणजे गाद्यांचे जुने गोदाम. ध्वनिमुद्रणाची खोली, भिंतींना न खपलेल्या गाद्या, आणि माझे टेबल. १९६७ च्या जानेवारीत गॅडिससाहेबांनी ठरवले की सोल, म्हणजे भजनांच्या ढंगाने गायल्या जाणाऱ्या प्रेमगीतांची, युगुलगीतांची एक मोठी रेकॉर्ड काढायची: लव्हिनिया कोल आणि बर्ल मॅडॉक्स, दहा गाणी. अडचण एवढीच होती की बर्ल मोकळा असायचा तेव्हा लव्हिनियाचे शिकागोत कार्यक्रम, आणि ती मोकळी असायची तेव्हा तो ल्युझियानात.

"मग एकत्र कशाला हवेत?" मी म्हणालो. दोन रंगांच्या पेन्सिलींनी मी तक्ता केला. तिचा आवाज आधी घ्यायचा, त्याचा नंतर, मग दोन्ही जुळवायचे. प्रेमगीतासाठी दोन माणसे एका खोलीत असायची गरज नाही हे मी एका पानात सिद्ध केले. गॅडिससाहेबांनी तक्ता भिंतीला लावला.

लव्हिनिया पहिल्याच दिवशी अर्ध्या गाण्यात थांबली. "भिंतीवर प्रेम करायला मी काय खुळी आहे? कुणाला तरी समोर उभं करा."

मी ओझेलाचे नाव सुचवले. काम सोपे होते. गायकासमोर उभे राहायचे, दुसऱ्याच्या ओळी आल्या की नुसते ओठ हलवायचे आणि आवाज अजिबात करायचा नाही. ही शेवटची अट मी ओझेला ब्रॉडनॅक्सला घातली, यावरून माझी दूरदृष्टी ध्यानात यावी.

शाळा सुटल्यावर ती पांढऱ्या गणवेशातच यायची. लव्हिनियासाठी ती बर्ल झाली, बर्लसाठी लव्हिनिया. लव्हिनियाने ओळ संपवली, "दार मी लोटून ठेवलंय," की ओझेलाच्या तोंडून निघायचेच, "हं, मग!" बर्ल म्हणायचा, "उशीर झाला, पण आलोय," आणि ही म्हणायची, "आलास बाबा!" मी काचेपलीकडून बोट ओठांवर ठेवायचो. ती मान हलवायची, आणि पुढच्या ओळीला पुन्हा, "बोल, बोल!" गायक मात्र खुलत होते. बर्ल तर जाताना तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "मिस ओझेला, माझ्या बायकोनं एवढं कधी ऐकून घेतलं नाही."

त्याच महिन्यात मी ओझेलाला लग्नाचे विचारले. म्हणजे पत्र दिले. टंकलिखित, आठ मुद्दे, एक प्रत माझ्याकडे. तिने पाकीट गणवेशाच्या खिशात घातले. "वाचते. तुमची ही रेकॉर्ड निघू दे, मग सांगते."

मार्चमध्ये गॅडिससाहेबांचे पित्ताशय काढायचे ठरले. टेप वेळेवर रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात पाठव, एवढे सांगून ते इस्पितळात गेले. रेकॉर्ड लवकर निघावी अशी इच्छा असलेला माझ्याइतका माणूस कंपनीत दुसरा नव्हता. तरीही पाठवण्याआधी एकदा तपासून घ्यावे म्हणून मी कानाला हेडफोन लावून बसलो. दहा गाण्यांत मला एकेचाळीस ठिकाणी बाहेरचे आवाज सापडले. लाल पेन्सिलीने यादी केली: गाणे, मिनिट, सेकंद. त्या यादीत कोणाचा आवाज होता हे मला माहीत नव्हते असे नाही. पण तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

आमचा ध्वनिमुद्रक स्कीट यादी बघून हसला. "हे आवाज नाहीत, टार्प्लीसाहेब. हेच गाणं आहे."

"करारात दोन गायक आहेत."

"बरं. मग ताल मोजून पूर्ण चार ठोके कापू, म्हणजे ठेका तुटणार नाही."

"जेवढा आवाज आहे तेवढंच कापायचं. जास्त कापणं म्हणजे नासाडी."

"लेखी द्या."

मी तीन प्रतींत दिले. त्याने ब्लेडने फीत कापली, टोके चिकटवली, आणि पुन्हा पुन्हा डोळे मिटून घेतले. मला वाटले, झोप आली असेल.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी रेकॉर्ड दुकानांत आली. त्याच दुपारी शाळांच्या स्वयंपाकिणींची वार्षिक सहल बागेत होती. ओझेलाने सगळ्यांना सांगून ठेवले होते, "रेकॉर्डवर मी आहे. नाव नाही, पण आहे." चाळीस बाया, त्यांचे नवरे, तळलेल्या माशांचे ढीग, आणि झाडाखाली रेकॉर्ड प्लेयर. मला बोलावणे नव्हते. मी रेकॉर्ड पोहोचवण्याच्या निमित्ताने गेलो आणि ताटली घेऊन उभा राहिलो.

पहिल्या गाण्याला जोड्या नाचायला उठल्या. दोन ओळी ठीक गेल्या, मग सगळ्या एकदम अडखळल्या. पुढच्या ओळीनंतर पुन्हा. एका गृहस्थांनी बायकोच्या पायावर पाय दिला. बायको म्हणाली, "तुला दारू चढलीय," तो म्हणाला, "रेकॉर्डला चढलीय!"

"कुठे आहेस गं तू?" पर्ली नावाची तिची मैत्रीण म्हणाली.

"येईन आता. या ओळीनंतर."

ओळ गेली. गाणे गेले. ओझेला प्लेयरजवळ जाऊन वाकून उभी राहिली. पहिली बाजू संपली. तिने स्वतः रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यापर्यंत बाया आपसांत दुसरेच बोलू लागल्या, तिच्याकडे न बघता. न बघणे हा त्यांचा चांगुलपणा होता. माझ्यात तेवढाही नव्हता. मी मासा चावत तिच्याजवळ गेलो.

"ऐकलंत? किती स्वच्छ झालीय! एकेचाळीस जागा होत्या. मी स्वतः शोधून काढल्या."

तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही?"

"एकही सुटली नाही."

"ब्रदर टार्प्ली," ती हळू म्हणाली, "तुमचं ते पत्र मी परत पाठवते. त्यातही काही जास्तीचं असेल तर काढून टाका."

सोमवारी टपालाने पत्र आले. रविवार त्याआधीच येऊन गेला होता. मी सूचना वाचल्या: आजारी भाविकांची नावे, महिला मंडळाची सभा. गायकवृंदातून काही आले नाही. शेवटी तर मीच क्षणभर थांबलो, आणि पाद्रीबुवांना वाटले माझी पाने हरवली.

रेकॉर्डचे म्हणाल तर रेडिओवरचा निवेदक पहिले गाणे लावून म्हणाला, "या दोघांना कुठली तरी बस पकडायचीय." दुसरे त्याने लावलेच नाही. दुकानदार गठ्ठे परत पाठवू लागले.

मे महिन्यात गॅडिससाहेब कुशीला हात धरून कामावर आले. दहाही गाणी त्यांनी ऐकली. मग म्हणाले, "लेम्युएल, माझं पित्ताशय काढताना डॉक्टरनं निदान मला विचारलं होतं."

त्यांनी कचऱ्याच्या टोपलीकडे पाहिले.

"ते तुकडे? टाकून दिले असशील."

"टाकून?" आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांवर आवाज चढवला. खण उघडला. एकेचाळीस पाकिटे, प्रत्येकावर अनुक्रमांक, गाणे, मिनिट, सेकंद, आत बोटभर फीत. स्कीट हसत हसत जमिनीवर बसला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. "तुकड्याचं पुढचं टोक कुठलं, ते लिहिलं नाहीत?"

नव्हते लिहिले. अख्खे शब्द असतील तर उलटे लागले की कळते. पण निम्म्याहून जास्त पाकिटांत नुसते "हं" होते, आणि उलटे "हं" कुठले नि सुलटे कुठले हे स्कीटलाही सांगता येईना. ते सांगू शकेल असे माणूस शहरात एकच होते.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी बारा वाजता गेलो. ती मक्याच्या पावाची परात भट्टीतून काढत होती. मी खिशातून कागद काढला. "मुद्दा पहिला—"

"कागद ठेवा."

मी ठेवला. भट्टीचा पंखा फिरत होता, पर्ली मटार निवडत माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मी चुकलो," मी म्हणालो.

"हं," ओझेला म्हणाली. परात खाली ठेवली. "गुरुवारी येईन. माझ्यासाठी नाही. पर्लीपुढे मी खोटी ठरलेय म्हणून."

"मी काही बोलले का?" पर्ली म्हणाली.

"तेच तर!"

गुरुवारी ती आली आणि यंत्रापुढे खुर्ची ओढून बसली. मी पाकिटे देत होतो, स्कीट तुकडे लावत होता. "उलटं. हे सुलटं. हे उलटं, मी एवढी रडकी नाही." सव्विसाव्या पाकिटाला ती थांबली. "हे पुन्हा लावा." स्कीटने लावले. "हा माझा खोकला आहे. हा काढा."

म्हणजे एकेचाळीसांपैकी एक कापणे बरोबर होते. हे मी बोलून दाखवले नाही. माझ्यात तेवढी सुधारणा झाली होती.

जूनमध्ये रेकॉर्ड दुसऱ्यांदा निघाली. शिकागोने फारशी विचारली नाही, पण मेम्फिसपासून खाली नदीकाठाने ती वाजली, आणि आमच्या चर्चमधल्या निम्म्या घरांत भजनांच्या रेकॉर्डमागे लपवलेली असायची. वेष्टनाच्या मागच्या बाजूला वादकांच्या नावांखाली एक नाव वाढले होते. "ओझेला ब्रॉडनॅक्स". काय केले, हे लिहिले नव्हते. त्याला योग्य शब्द कंपनीत कुणालाच सापडला नाही. ओझेलाने सहा रेकॉर्ड नेल्या, एक पर्लीच्या हातात ठेवली, आणि पुढची वीस वर्षे शाळेतच रांधत राहिली. गायला बोलावणी आली तर म्हणायची, "कुणी बोलत असेल तर येते. एकटीला मला काही सुचत नाही."

पण ते नंतरचे. त्या गुरुवारी शेवटचा तुकडा चिकटवून स्कीटने टेप गुंडाळली आणि हात धुवायला म्हणून जो गेला तो परत येईना. ओझेला पर्स आवरत होती.

"ते पत्र," मी म्हणालो. "मी पुन्हा पाठवू का?"

"पत्र कशाला? मी इथे समोर उभी आहे."

मी विचारले. कसे विचारले ते सांगत नाही. वाक्याला शेवट नव्हता एवढे आठवते. मध्येच शब्द संपले, तेव्हा मी थांबलो, आणि तिनेही मुद्दाम, अगदी मुद्दाम, बराच वेळ काही म्हटले नाही.

"हो," ती म्हणाली. "आणि आता मला घरी सोडा, सकाळपासून उभी आहे."

मी मोटारीची किल्ली शोधू लागलो. सगळे खिसे पाहिले, टेबलाचे खणही पाहिले. ती माझ्याच हातात होती, आणि हे ओझेलाला पहिल्यापासून दिसत होते.