अमावास्या आणि ट्रेलरचे टायर

आमची होडी उसात शिरली त्या दिवशी अमावास्या होती. पण त्यात अमावास्येचा काहीही दोष नव्हता.

होडी माझ्या मेहुण्याची, अशोकची. तो मुळा धरणावर मासे धरतो. पावसाळ्यात मासेमारी दोन महिने बंद, तेव्हा होडी बेलापूरला आमच्या अंगणात लिंबाखाली असते. दोन चाकांच्या ट्रेलरवर घालून, जीपमागे जोडून ती आणायची आणि पोचवायची, हे काम माझं. (लग्नात कबूल केलं नव्हतं, पण मागे लागलंय खरं.) म्हणजे ट्रेलर वर्षातून दोनदा चालणार आणि बाकी वर्षभर उन्हात उभा राहणार.

"अहो, त्या टायरांना चिरा पडल्यात," असं माझी बायको सुनंदा तीन वर्षं सांगत होती.

"चिरा? अगं, टायरावरचे कंपनीचे रबरी केससुद्धा अजून झिजले नाहीत! चाललेत कुठे ते?" मी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मला रबर शिकवते!

ओट्यावरून माझे वडील, आबा म्हणाले, "मी बी धा वर्सं हितंच बसून हाय. चाललो न्हाई, फिरलो न्हाई. म्हातारा व्हायचा ऱ्हायलो का?"

मी विज्ञान गुंडाळून ठेवलं. मुकाट्याने श्रीरामपूरला जाऊन दोन नवे टायर आणले, रिंगांवर चढवूनच. आता फक्त जुनी चाकं काढून नवी लावायची. पण जुने नट गंजून बसले होते. पान्याला लोंबकळलो, तर पाना सटकला आणि मी चिखलात! 'बघू उद्या' म्हणून नवी चाकं पडवीत ठेवून दिली.

संध्याकाळी अशोकचा फोन आला. "दाजी, परवा पहाटे पहिलं जाळं टाकायचंय. दोन महिने घरी बसून काढलेत. उद्या होडी आली न्हाई तर माझी जागा दुसरा धरील."

"आली समज!" मी म्हणालो.

सकाळी जीप काढली तर सुनंदा दारात. "चाकं बदलली?"

"आज अमावास्या आहे. नवी वस्तू आज लावत नाहीत."

"तुम्ही विज्ञानाचे मास्तर ना?"

"माणसाने परंपरेचा मान राखावा." (जन्मात पहिल्यांदा राखत होतो. एरवी अमावास्येला मुद्दाम नवा सदरा घालून शाळेत जायचो!)

"आणि होडी न्यायला अमावास्या चालते?"

"होडी जुनीच आहे. जुन्याला चालतं."

ती नुसती हसून आत गेली. तिथेच मी घाबरायला हवं होतं.

राहुरीच्या अलीकडे मागे कुठेतरी 'फटाक' झालं. म्हटलं, फुटला बिचाऱ्या कुणाचा तरी टायर. निघताना तपासत नाहीत लोक! मग आरशात पाहिलं तर होडी नाही. ट्रेलर एका कुशीवर, दोर तुटलेले (दोरही टायरांच्याच वयाचे), आणि होडी घसरून थेट उसात! नाक तेवढं बाहेर.

तडा गेला असला तर? अशोकच्या पोराबाळांचं सगळं वर्ष त्या होडीवर.

उसात खुरपणाऱ्या आठ-दहा बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, "ओ भाऊ, उसात मासं घावत्यात व्हय?"

तेवढ्यात फोन वाजला. "दाजी, कुठवर आलात?"

"होडी... काठाला लागलीय."

"कुठल्या काठाला?"

मी फोन ठेवला. त्याच वेळी मागे एक टेम्पो थांबला आणि त्यातून सुनंदा उतरली. पाठोपाठ जॅक, पाना, नवा दोर आणि दोन्ही नवी चाकं!

"तू? इथे?"

"घरापासून मागेच आहे मी. बदलायची ना चाकं, का उद्यापर्यंत थांबताय?"

मी जॅक लावला. रात्री तिने नटांना डिझेल लावून ठेवलं होतं. ज्या नटाने मला चिखलात लोळवलं, तो तिच्या हातात सुरसुर फिरला. त्या बायकांनी होडीला हात घालून ती उसातून बाहेर ओढली. कुठे ओरखडादेखील नव्हता! जीव भांड्यात पडला. त्या आनंदात 'मीही हात लावतो' म्हणून वाकलो, आणि दिवसातला दुसरा 'फटाक' झाला. तो माझ्या कमरेत.

मला बसता येईना. मग बायकांनी होडी ट्रेलरवर ठेवली आणि मला होडीत आडवं घातलं. जीप सुनंदाने चालवली. राहुरीच्या चौकात एकाने टोपी काढून मला हात जोडले.

धरणावर अशोक धावत आला. होडीवरून हात फिरवला, हसला, मग आत डोकावला. "ताई, होडी बेस आली. पन आत काय आणलंस?"

"जुना माल. वरून केस तेवढे शाबूत," सुनंदा म्हणाली. "आता हेही बदलूनच टाकावेत म्हणते."

मी होडीतून पडल्यापडल्या ओरडलो, "अगं, आज अमावास्या आहे!"